नव्या काचेवरचं स्वस्तिक

आमच्या बाबांना गप्प बसवणारा माणूस मी एकदाच पाहिला. ऐंशीच्या दशकात, मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगखाली गाडीची फुटलेली पुढची काच बदलायला आलेला कुर्ल्याचा काचवाला. बाबांना मरोळच्या कारखान्यात जायची घाई होती. "झालं का रे?" करत ते गाडीभोवती नुसते फिरत होते. बघून माझंच डोकं गरगरलं.

काचवाल्याने काचेभोवतीच्या रबराच्या खाचेत दोरी बसवली, साबणाचं पाणी लावलं आणि दोरीची टोकं देऊन बाबांना गाडीत बसवलं. "साहेब, मी बाहेरून दाबतो, तुम्ही आतून हळू ओढा." बाबा मुकाट ओढू लागले; दोरी निघत गेली तसं रबर पत्र्याच्या कडेवर चढलं, काच घट्ट बसली.

बाबांनी लगेच चावी फिरवली. तेवढ्यात आई कुंकू घेऊन धावली. "नवी काच, असं कसं जायचं?" म्हणत तिने बरोब्बर त्यांच्या डोळ्यांसमोर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. बाबांनी गाडी तशीच काढली. गेटपाशी मात्र त्यांनी वायपर लावला. कुंकू काचभर पसरलं, समोरचं दिसेना, त्यांना उतरावंच लागलं.

"फडकं आण गं!" ते ओरडले.

आई जागची हलली नाही. "पुढच्या वेळी आतल्या बाजूनं काढीन," ती म्हणाली.