तितांचं अर्धं कापड

तिता मिलाग्रोस यांनी माझ्यासाठी उठून कधी दार उघडलं नाही. बेल वाजवली की आतून आरोळी यायची, "ये, ओपन आहे! मला उठता येत नाही!" ते खरंच होतं. त्यांच्या मागाचं एक टोक जेवणाच्या टेबलाच्या पायाला बांधलेलं असे आणि दुसरं, रुंद पट्ट्याने, त्यांच्या कमरेला. टेबल सरकू नये म्हणून वर तांदळाच्या दोन बॅगा. तिता मागे रेलल्या की धागे ताठ, पुढे झुकल्या की सैल. फिलिपिन्सच्या डोंगरातल्या गावात त्यांची आई अशीच विणायची.

अमेरिकेत, रेडमंडला त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहत. 'तिता' म्हणजे मावशी, हे मला माझ्या मुलीने शिकवलं. तीस वर्षं नर्सचं काम करून निवृत्त झालेल्या या बाई आता आपलेच जुने युनिफॉर्म कापून त्यांच्या बारीक पट्ट्या आईच्या नक्षीत विणत होत्या. लायब्ररीतल्या प्रदर्शनात ते कापड लागणार होतं. मी पहिल्या दिवशी "रग आहे का?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून असं पाहिलं की पुरणपोळीचा डबा माझ्या हातातच राहिला.

"आर्ट आहे, अनाक. पाय नाही पुसायचे."

अनाक म्हणजे लेकरू. हा शब्द आला की राग गेला असं समजायचं.

आईची एक शिस्त त्या कसोशीने पाळत. मागावर अर्धं कापड ठेवून घर सोडायचं नाही. "मी एकदाच सोडलं," त्या सांगत. "एकोणीस वर्षांची होते, नर्सिंगला गेले. आईला फिनिश करावं लागलं. हे मात्र मीच करणार."

आणि प्रदर्शनाला तीन आठवडे उरले असताना त्यांची पाठ धरली. डॉक्टरांनी मागाचा पट्टा बंद केला. मी वरण-भात घेऊन गेले, तर बाई सोफ्यावर आडव्या, तोंड भिंतीकडे. माग दिसू नये म्हणून.

"मी बसू का?" तोंडातून निघून गेलं. मला साधं बटणही धड लावता येत नाही.

त्यांनी भिंतीकडचं तोंड वळवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पट्टा टाइट कर."

रोज ऑफिसनंतर मी बसू लागले. सोफ्यावरून हुकूम सुटत, "मागे रेल! ओढू नको!" आठवड्याने पाहिलं, तर कापडाला मधेच कंबर आली होती. पट्टी न् पट्टी मी जीव खाऊन ओढली होती आणि दोन्ही कडा आत गेल्या होत्या. मला रडूच फुटलं. "सगळं उसवते," म्हणत मी कात्री उचलली.

"थांब. तो निळा डबा आण."

बिस्किटांच्या त्या डब्यात एक जुनं कापड होतं. अर्ध्यापर्यंत आवळलेलं, वेडंवाकडं. पुढे पट्टीने आखल्यासारखं सरळ.

"हे वाकडं, मी. घाबरलेला माणूस धागा ओढतो. हे सरळ, आई. तिने माझं काही उसवलं नाही."

मी कात्री खाली ठेवली. शेवटचं चार बोटं कापड मात्र त्यांनी डॉक्टरांना न विचारता स्वतःच विणलं.

प्रदर्शनात एका बाईंनी विचारलं, मधे हे असं अरुंद का? तिता ऐटीत म्हणाल्या, "ती माझी शेजारीण." मी लाजून पाण्याची बाटली शोधायला गेले.

गेल्या वर्षी त्या लेकीकडे दक्षिणेत, अल्फारेटाला राहायला गेल्या. पाठीला ऊन हवं होतं. निघताना त्यांनी गुंडाळलेला माग माझ्या हातात दिला. मी उलगडून पाहिलं, तर वर नवीन कापड होतं, जेमतेम वीतभर विणलेलं.

"तिता, हे तर अर्धंच आहे!"

"माहितीये," म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

आमच्या टेबलावर आता कोलमच्या दोन बॅगा असतात. तितांची सरळ कड संपते तिथून माझी सुरू होते. ती अजून थोडी आत जाते. पण मी उसवत नाही.