टिटवीचा परवाना

जगातल्या सगळ्या सरळ माणसांना एका रांगेत उभं केलं, तर आमचे वरचे काका त्या रांगेत सापडायचे नाहीत. ते बाजूला उभे राहून रांग सरळ आहे की नाही ते बघत असायचे. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांत आम्ही खाली राहायचो आणि ते बरोबर आमच्या डोक्यावर, म्हणून ते वरचे काका. वय अठ्ठावन्नच्या अलीकडे, अंगाने सडपातळ, उन्हाळ्यातसुद्धा शर्टाचं वरचं बटण लावलेलं. कॉलनीच्या बागेत नवी घसरगुंडी आली तेव्हा मुलांना थांबवून आधी स्वतः घसरले, उठून पँट झटकली आणि म्हणाले, "शेवटी दोन बोटं उंच हवी होती. पण चालेल." त्यांचं हिंदी म्हणजे कपडे बदललेलं मराठी. भाजीवाल्याला एकदा त्यांनी सुनावलं, "भाईसाहब, ये भेंडी जून है." तो बिचारा म्हणाला, "जून की कहाँ साहब, आज सुबह ही तोड़ी है." घरात मात्र आमच्या मराठीत हिंदी शिरलेलं त्यांना खपत नसे. मी जिन्यात सहज "अच्छा काका, चलो" म्हटलं की ते दोन पायऱ्या परत खाली उतरून "बरं काका, येते" असं माझ्याकडून म्हणवून घ्यायचे आणि मगच मला सोडायचे.

तीस वर्षं ते परवाने देण्याच्या खात्यात होते. कुणाला कारखाना काढायचा असो, यंत्र मागवायचं असो, कागद त्यांच्या टेबलावरून जायचा. मग नव्वदीच्या सुरुवातीला सरकारने बरेचसे परवानेच काढून टाकले. सारी दिल्ली खूश होती, वर्तमानपत्रं भरभरून लिहीत होती, आणि काका रिकाम्या टेबलाशी बसून पेन्सिलींना टोक काढत होते. वर्षभराने त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. काकू अजून नोकरीत होत्या, क्वार्टर त्यांच्याच नावावर होतं, त्यामुळे घर राहिलं. पण दिवसभर घरात असलेले काका म्हणजे काय, ते काकूंना कळलं आणि मजल्याखाली आम्हालाही. डब्यांची झाकणं, नळांचे वॉशर, जिन्याच्या पायऱ्या, सगळ्यांची तपासणी झाली. शेवटी काकूंनीच कुणाकडून तरी कळलेली एक नोकरी त्यांच्या गळ्यात घातली. गुडगावच्या वाटेवर, मोहरीच्या शेतांच्या मधोमध, एका पंजाबी बिल्डरने मुलांसाठी मोठं पार्क काढायचं ठरवलं होतं. पाळणे, बोटी, छोटी आगगाडी, सगळं होतं, फक्त कागदपत्रं बघणारा माणूस नव्हता.

पार्कच्या दारावर एक भला मोठा ससा रंगवला होता. परदेशी कार्टूनमधला तो ससा तेव्हा टीव्हीवर रोज संध्याकाळी यायचा आणि दिल्लीतली पोरं त्याच्यासाठी जेवण टाकून बसायची. काकांनी पहिल्याच दिवशी मालकांना विचारलं, "इस ससे का परवाना किधर है?" मालक हसले. म्हणाले, "अंकल, चित्र का भी लाइसेंस होता है क्या?" काका हसले नाहीत. त्यांनी आपल्या टाइपरायटरवर त्या परदेशी कंपनीला पत्र ठोकलं: आपला ससा आमच्या प्रवेशद्वारावर परवानगीवाचून रंगवण्यात आला आहे, तरी तो नियमित करण्याची कृपा करावी. उत्तर वकिलाकडून आलं. सशाचा परवाना पाच कोसांवरच्या दुसऱ्या, आमच्यापेक्षा तिप्पट मोठ्या पार्कला आधीच दिलेला होता. पंधरा दिवसांत ससा पुसा, नाहीतर कोर्टात भेटू.

मालकांनी डोक्याला हात लावला. "अंकल, आपने खुद ही बता दिया?" काका म्हणाले, "तो क्या छुपाने का?" त्या संध्याकाळी मात्र ते आमच्या घरी आले तेव्हा चहा तसाच निवत राहिला. उद्घाटनाला दीड महिना होता. पलीकडच्या पार्कमध्ये ससा, त्याची गाजरं, त्याची गाडी, सगळं परदेशातून येणार होतं आणि आमच्या दारावर चुन्याचा पांढरा डाग राहणार होता. "देशातले परवाने संपले म्हणून लोकांनी पेढे वाटले," ते म्हणाले, "आणि इथे एका सशाला परवाना लागतो. म्हणजे माझं खातं बंद नाही झालं. त्याची फक्त बदली झाली." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू उद्या माझ्याबरोबर चल. येताना रंग घे."

मी तेव्हा वीस वर्षांची होते. घरी बसून बी.कॉम. करत होते आणि बाबांनी आणलेल्या स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांच्या समासांत चित्रं काढत होते. घरात त्या चित्रांना 'हिचं चाललेलं असतं' असं म्हणत. काका मात्र वरून खाली येताना आवर्जून विचारायचे, "आज कुठल्या पानावर काय काढलंस?" आणि मी पुस्तक पुढे करून विचारायचे, "काका, हे बरोबर झालंय का?"

पार्कमध्ये गेल्यावर पहिल्यांदा दिसला तो गाड्या उभ्या करायच्या जागेत दगडांनी आखलेला एक गोल. खडीत टिटवीने चार अंडी घातली होती आणि काकांनी भोवती कुंपण करून पाटी लावली होती: 'यहाँ वाहन न लगाएँ. काम चालू है.' मालक जवळ गेले की ती टिटवी किंचाळत थेट त्यांच्या डोक्यावर झेप घ्यायची. एवढा सहा फुटी माणूस खाली वाकून पळायचा. "हिला काय म्हणतात?" काकांनी मला विचारलं. मी म्हटलं, "टिटहरी." "ते हिंदीत. मराठीत?" मला येईना. "टिटवी. लक्षात ठेव. आणि काढ तिला."

मी तिला काढलं. काटक्यांसारखे पिवळे पाय, डोळ्यांपुढे लाल टिकली, काळी टोपी आणि चेहऱ्यावर सगळ्या जगावरचा राग. तो राग, खरं सांगते, मी काकांवरूनच घेतला होता. घरी आई म्हणाली, "टिटवी? अगं, अपशकुनी पाखरू ते!" काका म्हणाले, "वहिनी, टिटवीदेखील समुद्र आटवते. पार्क म्हणजे काय!" मालकांनाही चित्र आवडलं, आणि दुसऱ्या दिवशी काकांनी त्यांच्यापुढे तीन पानी करार ठेवला. चित्र माझ्या मालकीचं, पार्कला फक्त वापराचा परवाना, तोही दरवर्षी माझ्या सहीने. मालक म्हणाले, "ये बच्ची मुझे लाइसेंस देगी?" काका म्हणाले, "परदेश का ससा दे सकता है, तो हमारी लड़की क्यों नहीं?" उद्घाटन डोक्यावर आलं होतं. मालकांनी सही केली. खाली मी केली. माझ्या सहीला काही किंमत असू शकते हे मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

उद्घाटन मे महिन्यातलं. टिटवीचा पोशाख शिवून आला होता, पण तो घालून फिरायला ठरवलेला नट पोशाखाचं तोंड बघून आणि उन्हाचा अंदाज घेऊन निघून गेला. दारात मुलांची गर्दी झाली. मी घाबरून काकांना शोधत होते, तेवढ्यात ऑफिसच्या खोलीतून साडेसहा फुटी टिटवी बाहेर आली, सरकारी चालीने. मुलं धावली, एकमेकांवर पडायला लागली, आणि टिटवीच्या पोटातून ओळखीचा आवाज आला, "लाइन से! लाइन से! जिसका नंबर, उसीका नंबर!" मुलांना तो खेळच वाटला. ती रांग करायची, मुद्दाम मोडायची, टिटवी पंख आपटत ओरडायची, की पुन्हा रांग. आठवड्याभरात "लाइन से!" हे वाक्य बसस्टॉपवर आणि शाळांच्या दारात ऐकू येऊ लागलं. पलीकडचा ससा देखणा होता, पण तो नुसता हात हलवायचा. आमची टिटवी रागवायची. आपल्यावर रागावणारं माणूसच मुलांना आपलं वाटतं, हे त्या कंपनीला ठाऊक नसावं.

वर्ष भरत आलं तेव्हा पलीकडच्या पार्कच्या मॅनेजरने आमच्या मालकांशी परस्पर बोलणी केली: टिटवी आम्हाला देऊन टाका. मालक तयार झाले, चित्र पार्कचंच आहे म्हणाले. काकांनी शांतपणे कपाटातून करार काढून दोघांपुढे ठेवला. मॅनेजर मिठाईचा डबा घेऊन थेट आमच्या क्वार्टरमध्ये आला. बाबा बनियनवर होते, ते आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले. मॅनेजर मला "मॅडम" म्हणाला. मी काकांकडे बघितलं. "निर्णय तुझा," ते म्हणाले आणि गॅलरीत जाऊन पाठ करून उभे राहिले. मी म्हटलं, टिटवी देणार नाही. तुमच्यासाठी दुसरं काही काढायचं असेल तर काढीन. ते माझं पहिलं स्वतंत्र काम. आज माझं पोट चालतं ते त्या वाक्यावर.

त्या आनंदात महिना गेला. काका रोजच्यासारखे डबा घेऊन आठ वाजता जिना उतरायचे. मग एक दिवस काकू आईजवळ बसून हळूच म्हणाल्या, "त्यांना मालकांनी केव्हाच काढलंय. कागद दाखवला त्याच दिवशी. पोरीला कळलं तर तिचा आनंद जाईल म्हणून डबा घेऊन वाचनालयात जाऊन बसतात."

मी त्याच दुपारी बस पकडून पार्कमध्ये गेले. आयुष्यात कुणाशी चढ्या आवाजात बोलले नव्हते, त्यामुळे आवाज भलताच बारीक निघाला. "परवान्याची मुदत या महिन्यात संपते," मी मालकांना हिंदीत म्हटलं. "काका असतील तर माझी सही मिळेल." मालक मोठ्याने हसले. "अंकल ने तुम्हें भी अपने जैसा बना दिया." दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांना आणायला गाडी पाठवली. काका मात्र माझ्यावर चिडले. "परवाना धाक दाखवायला वापरत नसतात!" असं दहा मिनिटं ऐकवून ते गाडीत बसले, आणि बसल्यावर उगाचच चष्मा पुसत राहिले.

पुढे पार्क बंद पडलं, तिथे मॉल झाला. काकू निवृत्त झाल्या आणि दोघं कऱ्हाडला गेली. मी अनेक वर्षं 'जायचं, जायचं' म्हणत एकदाची गेले, तेव्हा काका खूप वाळले होते. आभाराचं सगळं बोलणं मी वाटेत जुळवून ठेवलं होतं. ते मी बोलले, अडखळत का होईना, पूर्ण बोलले. त्यांनी मधे एकदाही शब्द दुरुस्त केला नाही. मग म्हणाले, "अगं, खुर्ची गेली की माणसाला कुणी काही विचारत नाही. तू रोज विचारायचीस, काका, हे बरोबर झालंय का म्हणून. तेवढ्यावर माझी ती वर्षं गेली."

नको नको म्हणत असताना ते एस.टी. स्टँडवर सोडायला आले. मला खिडकीशी बसवलं, खिडकी नीट लागते का ते पाहिलं, आणि खाली उतरून कंडक्टरला गाठलं. "आमची मुलगी आहे. एकटी आहे. पुण्याला नीट उतरवा." कंडक्टरने वर माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते. तो मान डोलावून "हो" म्हणाला, आणि बस सुटली. त्यानंतर आजवर मी पुष्कळ प्रवास केला. असं कुणी मला कुणाच्या हवाली केलं नाही.