न भरलेली टाळू

जऊळक्याच्या मनकर्णाची लेक तुळसा रांगायलाही लागली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. १९३१चा उन्हाळा होता. शेतात नवी विहीर खणणं चालू होतं. सुरुंगाची वात पेटवून सगळे लांब पळाले. मनकर्णाचा नवरा जगदेव मात्र बाभळीला बांधलेला बैल सोडायला मागे वळला. थोरला भाऊ मारोतराव ओरडत राहिला. उडालेला दगड जगदेवच्या डाव्या कानाच्या वर बसला.

खाटेवर घालून त्याला स्टेशनावर नेलं आणि गाडीनं अकोल्याला. तिथल्या दवाखान्यात डॉक्टरांनी आत रुतलेले हाडाचे तुकडे काढले. माणूस वाचला. पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला, पाणी. बैलाला पाणी, भाकरीला पाणी, मनकर्णालाही पाणीच. तो हाक मारायचा आणि ती तांब्या घेऊन धावायची. मग तो मान हलवायचा, शब्द शोधायचा आणि रडायचा.

जखम बुजली, पण हाड काढलेल्या जागी कातडी खोल गेली होती. तिथं आतून ठोका दिसायचा. घरात आता दोन टाळू उडत होत्या, लेकीची आणि बापाची. सकाळी मनकर्णा तुळसाच्या टाळूवर तेल घालायची, मग त्याच बोटांनी, भीत भीत, नवऱ्याच्या डोक्याला लावायची. कापूस भरून तिनं त्याच्यासाठी जाड टोपी शिवली. ती घातल्याशिवाय त्याला अंगणातही जाऊ द्यायची नाही.

वर्ष गेलं. तुळसा चालायला लागली. तिची टाळू हाताला घट्ट लागू लागली. मनकर्णा हरखली. जगदेवला दाखवायला ती पुन्हा अकोल्याला गेली.

"डाक्तरसायब, पोरीची टाळू भरून राह्यली. याईची कवा भरंन?"

डॉक्टरांनी कपाटातून माणसाची कवटी काढून टेबलावर ठेवली. मनकर्णा दचकून मागे सरली.

"भिऊ नका बाई. हे पुढचं कपाळाचं हाड. वरची ही दोन, डाव्या-उजव्या अंगाची. पुस्तकात यांना पार्श्वकपाल म्हणतात. हे मागचं. आणि कानाजवळचं हे कानशिलाचं, फार पातळ. यांच्यामधल्या या नागमोडी रेघा दिसतात का? या शिवणी. लहान लेकरात त्या उघड्या असतात, हाडं वाढत एकमेकांकडे येतात. म्हणून टाळू भरते."

"आन याईची?"

डॉक्टरांनी कवटीच्या डाव्या बाजूला, कानाच्या वर बोट ठेवलं. "इथलं हाड आम्ही काढलं. मोठ्या माणसाचं गेलेलं हाड परत येत नाही. ही जागा अशीच राहील. पुढं कधी फेफरंही येईल. जपा."

मनकर्णानं कवटीकडे बराच वेळ पाहिलं. "कोनाची हाये ही?" तिनं विचारलं. डॉक्टरांना ते माहीत नव्हतं.

परतीच्या गाडीत तिनं जगदेवची टोपी नीट बसवली. जगदेव खिडकीबाहेर बोट दाखवून तिला पाणी, पाणी म्हणत होता. बाहेर सगळं शेत वाळलेलं होतं.

पुढची काही वर्षं तिनं त्याला जपलं. फेफरं यायचं, जायचं. एका वर्षी कापूसवेचणीच्या दिवसांत ते आलं आणि थांबलंच नाही. दुपारपर्यंत जगदेव गेला.

मुलगा नव्हता, म्हणून अग्नी मारोतरावच देणार होता. तो मनकर्णाचा भासरा, थोरला दीर. त्याच्यासमोर ती कधी बोलली नव्हती, पदर डोळ्यांपर्यंत असायचा. तिरडी उचलताना मात्र ती आडवी आली.

"याईच्या डोक्याले बांबू लावू नका."

"बाई, रीत हाये थे. कवटी फुटली म्हंजे जीव मोकळा होते."

"तेथं हाडच नाही. जीवाले जायाले वाट हाये."

मारोतराव विस्तवाचं मडकं घेऊन पुढं निघाला. मसणात चिता पेटली. वेळ आली तेव्हा लोकांनी त्याच्या हातात बांबू दिला. त्यानं तो चितेवरच ठेवून दिला. दोघे-तिघे कुजबुजले. त्यानं वर पाहिलं नाही.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मनकर्णा कापूस वेचायची ओटी कमरेला बांधून शेतात निघाली. तिची जाऊ म्हणाली, "आजच काहून जातं?"

"कापूस सुटून राह्यला," ती म्हणाली.

दिवसभर तिनं वेचलं. कापसाची पऱ्हाटी कमरेपेक्षा उंच झाली होती. मधूनच ती दोन ओळींमधल्या तासात खाली बसायची आणि बराच वेळ दिसायची नाही. बाजूच्या तासातल्या बायांना हुंदके ऐकू यायचे. त्या वेचत राहायच्या, तिला हाक मारायच्या नाहीत.