मोहाच्या फांदीवरचे फोन

मी लिहावं एवढा माझा वकूब नाही. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि विज्ञानकथा हा शब्दही चंद्रपूरला आल्यावर ऐकला. चुकलं तर माफ करावं.

वर्गातला माझा मित्र ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये वाढलेला. आपलं जग कुणीतरी यंत्रात चालवलेला देखावा असेल, एक दिवस यंत्रं माणसापेक्षा हुशार होऊन पुढची यंत्रं स्वतःच घडवतील, असं तो चहा पिता पिता बोलायचा. मला तेवढंच समजायला आठवडा लागे. त्याचं ते सहज बोलणं मला सलायचं.

सरांनी सांगितलं की नागपूरचा एक दिवाळी अंक आमच्या कॉलेजातली एकच विज्ञानकथा घेणार आहे. आम्ही दोघंही बसलो लिहायला. मी परदेशातलं काचेचं शहर लिहिलं. कधी न पाहिलेलं.

त्याच दिवसांत गप्पांत मी त्याला गावची गंमत सांगितली होती. जिवतीकडे आमच्या गावात रेंज नाही. टेकडीवरच्या मोहाच्या झाडाच्या एका फांदीलाच ती मिळते. म्हणून सगळे सकाळी पिशवीत फोन घालून फांदीला टांगतात आणि वावरात जातात. वाजला की जो जवळ असेल तो उचलतो आणि ओरडून निरोप सांगतो.

त्यानं तेच लिहिलं. त्याच्या कथेत जग चालवणाऱ्या यंत्राला फक्त ते एक झाड दिसत नाही. शेवटी यंत्रच त्या फांदीवर फोन करून विचारतं, ‘इथी कोन हाये?’

त्याची कथा वाचून झाल्यावर मी ‘चांगली आहे’ म्हटलं.  मग न राहवून बोललो, “झाड आमचं हाये बे.”

तो हसला. “मग तू काऊन नाई लिहिलं?”

मी माझं काचेचं शहर तसंच सरांकडे दिलं. 

पुढे मी कापसातलं तण काढायला गावी आलो. माझाही फोन फांदीला होता आणि माझं लक्ष कापसापेक्षा टेकडीकडे. एका दुपारी शेजारच्या काकूनं वरून हाक दिली.

“बाबू, तुह्या दोस्ताचा फोन होता. गोष्ट घेतली म्हन्ते.”

“कोनाची?”

“त्याची. तुही नाई घेतली.” मग ती टेकडी उतरत जवळ आली. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. “अन् त्यात आपलं झाड हाये म्हन्ते.”