बिनमिठाची बिस्किटं

माझा कुत्रा आता हैदराबादेत राहतो. माझा म्हणायचा मला काही हक्क नाही, तरी म्हणते. कोणी चोरून नेला नाही, तो पळूनही गेला नाही. समोरच्या घरी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या पोरीनं मला सरळ विचारलं आणि मी सरळ "घेऊन जा" म्हटलं. मनात मात्र एकच होतं, की त्यानं माझ्या दारात राहावं. ते काही तोंडातून निघालं नाही. त्या न बोलण्याचा राग मला अजून येतो. कधी तिचा, बहुतेक वेळा माझाच.

आमच्याकडे पहिली भाकर गाईची आणि शेवटची कुत्र्याची. माहेरी हेच, सासरी हेच. परातीत उरलंसुरलं पीठ गोळा करायचं, लहानशी वाकडीतिकडी भाकर थापायची, तव्यावर टाकायची आणि फाटकाशी जाऊन द्यायची. त्यात पुण्य वगैरे मी कधी शोधलं नाही. सवय होती. आमचे हे गेले, माझी शाळेच्या ऑफिसातली नोकरीही संपली, आणि एका माणसासाठी परात काढायचा कंटाळा यायला लागला. तेवढ्यात कुठून तरी हा आला. पिवळट रंगाचा, एक कान अर्धा. मी त्याला नाव ठेवलं नाही. "ये गा" म्हटलं की यायचा, रात्री दारातल्या पोत्यावर निजायचा. मग रोज संध्याकाळी दोन भाकरी व्हायच्या, एक माझी आणि एक त्याची. एका भाकरीसाठी मी उठले नसते, दोन म्हटल्यावर उठत होते. तो होता म्हणून माझा तवा तापत होता, हे मला तेव्हाही कळत होतं. फक्त कोणाला सांगितलं नव्हतं.

समोरची पोरगी नाशिककडची. इथे नागपुरात मिहानमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची. सकाळी कानात वायर घालून निघायची ती अंधार पडल्यावर परत. मी तिच्याकडे फारसं लक्ष देत नव्हते. आमच्या लेआऊटमधल्या घरांत भाडेकरू येतात नि जातात, कुणाकुणाची चौकशी करायची?

एका वर्षी उन्हाळा तोंडावर आला आणि कुत्र्याच्या पाठीवरचे केस जायला लागले. खाजवून खाजवून चट्टे पडले. मी हळद-तेल लावून पाहिलं, त्यानं ते चाटून टाकलं. एका रविवारी ही पोरगी त्याला ऑटोत घालून डॉक्टरकडे घेऊन गेली. मला न विचारता! परत आली ती थेट माझ्या फाटकाशी.

"काकू, डॉक्टरांनी मीठ, तिखट, लसूण, कांदा सगळं बंद करायला सांगितलंय. तुमची ती वरणात बुडवलेली भाकर आता देऊ नका हं."

बाप्पा! जसं काही मी त्याले विषच घालून राहिली होती. मी म्हटलं, "अवं, आमच्याकडच्या कुत्र्यांच्या पिढ्यानपिढ्या फोडणीच्या वरणावर गेल्या." ती हसली नाही. म्हणाली, "म्हणूनच बहुतेक, काकू." वादात मला गप्प बसवणारी माणसं कमी आहेत. ही त्यातली निघाली.

मग तिनं त्याच्यासाठी घरी बिस्किटं करायला सुरुवात केली. हेल्दी ट्रीट्स म्हणायची ती त्यांना. संध्याकाळी वरच्या गॅलरीत स्टीलच्या डब्याचं झाकण वाजलं की हा माझ्या फाटकातून उठून तिचा जिना चढायचा. मी कोरडी भाकर घेऊन उभी. वरण नाही, तूप नाही, त्याला काय चव? फाटकाजवळ पडून राहायची आणि सकाळी कावळे न्यायचे. इतकी वर्षं सांभाळला मी, आणि ही आयत्या बिळावर नागोबा! असं मी मनात म्हणायचे. त्याच्या पाठीवर मात्र नवे केस उगवत होते आणि ते मला रोज दिसत होते. त्यामुळे मनातल्या मनातसुद्धा धड भांडता येईना. मीच मग संध्याकाळी दूध-पोहे खाऊन मोकळी व्हायला लागले.

एक दिवस तिची ओढणी दोरीवरून उडून माझ्या अंगणात आली. ती द्यायच्या निमित्तानं मी वर गेले. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी खोड आहे. मला ती बिस्किटं कशी करते ते पाहायचं होतं. स्वयंपाकघरातून कोहळ्याचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, गोडसर वास येत होता.

"काकू, चहा टाकू?"

"नको वं, आत्ताच झाला."

"बरं," म्हणाली आणि हातातलं भांडं तिनं जागेवर ठेवून दिलं.

मी पाहतच राहिले. आमच्यात पहिलं "नको" हे नुसतं दार वाजवणं असतं. समोरच्यानं म्हणायचं, असं कसं, घोटभर तरी. मग आपण म्हणायचं, कशाला उगाच त्रास. तेवढ्यात त्यानं आधण ठेवलेलं असतं. माझ्या सासूबाई तर तिसऱ्या "नको"नंतर अर्ध्या पोळीवरून दोनवर यायच्या. आणि ही पोरगी! तिच्यात खोट नव्हती, बरं का. तिच्या लेखी "नको" म्हणजे नको. माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवणं याला वाईट तरी कसं म्हणावं? मी त्या दिवशी चहाविना खाली उतरले आणि घरी येऊन आपला आपण करून प्यायले.

बिस्किटांची कृती मात्र तिनं न विचारता सांगितली. कोहळं उकडून कुस्करायचं, त्यात ज्वारीचं पीठ, थोडे ओट्स, बिनमिठाचा शेंगदाण्याचा कूट आणि एक अंडं. गूळ नाही, साखर नाही. "आणि मनुका तर चुकूनही नाही काकू, कुत्र्यांना बाधतात." मी "असंच आपलं पाहून राहिली होती" असं म्हणत सगळं डोक्यात बसवलं.

आता अंडं! माझ्या घरात आजवर अंडं आलेलं नाही. पिशवीत वर्तमानपत्र घालून मी किराणा दुकानात गेले आणि गिऱ्हाईक सरेपर्यंत उगाच साबण पाहत बसले. दुकानदार म्हणाला, "काकू, तुमाले अंडे? घरी कोनी पाव्हने आले का?" मी म्हटलं, "आले आहेत. चार पायांचे." त्यानं दोन दिवस तरी ती गोष्ट सगळ्या गल्लीला पुरवली असणार.

ओव्हन माझ्याकडे नाही. कुकरची शिटी काढली, रबर काढलं, तळाशी मीठ पसरलं आणि त्यावर ताटली ठेवून भाजलं. पहिला घाणा इतका कडक झाला, की कुत्र्यानं हुंगला आणि माझ्याकडे पाहून निघून गेला. दुसऱ्या वेळी सगळं जमलं, पण पीठ मळताना हात आपसूक बरणीकडे गेला आणि चिमूटभर मीठ पडलं. जन्मभर बायका अळणी होऊ नये म्हणून झटतात, तो हात एका दिवसात कसा वळणार? अख्खं पीठ टाकून दिलं. आमच्याकडे अन्न असं टाकत नाहीत, जिवावर आलं अगदी. मग मिठाची बरणीच ओट्यावरून उचलून कपाटात ठेवली. तिसऱ्यांदा बिस्किटं झाली. फाटकाशी जाऊन "ये गा" म्हटलं. तो आला, एक खाल्लं, दुसरं खाल्लं, पायरीवर पडलेला चुरा चाटला आणि तिथंच अंगाचं मुटकुळं करून बसला. मी रडले. त्यात लाज कसली?

पोरीला कळल्यावर ती धावतच आली. एक बिस्किट तिनं स्वतःच्याच तोंडात टाकलं. "काकू, माझ्यापेक्षा भारी झालीत!" तेव्हापासून रविवारी आम्ही दोघी माझ्याच स्वयंपाकघरात बिस्किटं करायला लागलो. ती कोहळं कुस्करायची, तेही डाव्या हातानं. मी रागवायचे. चहा मी विचारायचेच नाही, सरळ कप हातात द्यायचे. बर्डीच्या बाजारातून ती हाडाच्या आकाराचा साचा घेऊन आली. मी म्हटलं, "माझ्या घरात हाडं नको वं, साध्या गोल टिकल्या पाड." ऐकलं नाही तिनं. कुत्रा उंबऱ्यावर बसून दोघींकडे आळीपाळीनं पाहायचा. माझा स्वयंपाकही पुन्हा नीट सुरू झाला, भाजी-भाकर, कधी रोडगे-वरण. तीही जेवायला थांबायची. इतकं बरं चाललं होतं, की ते कधी थांबेल हे माझ्या मनातच आलं नाही.

पावसाळा सरता सरता ती एका संध्याकाळी फाटकाशी आली. आत आली नाही.

"काकू, माझी हैदराबादला बदली झालीय. याचं काय करू? तुम्ही ठेवता का, की मी घेऊन जाऊ?"

काय काय आलं मनात! ठेवते म्हणावं, तर त्याचा इलाज तिनं केला, सुया तिनं टोचून आणल्या, मी कोण मागणारी? शिवाय उद्या माझे हातपाय थकले तर? आणि सगळ्यात खाली, अगदी तळाशी हेही होतं, की तिनं मला आग्रह करावा. काकू, तो तुमच्याशिवाय राहणार नाही, असं तिनं म्हणावं. मग मी थोडे आढेवेढे घेऊन ठेवून घेतलं असतं.

मी म्हटलं, "ने वं, तूच ने. मले काय करायचा तो? माझ्यानं होते का आता त्याचं?"

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहत होते.

"बरं," ती म्हणाली, आणि जिना चढून गेली.

त्यानंतर ती सामान बांधायला लागली. मला वाटलं, अजून विचारेल. खोकी खाली उतरत होती, मी अंगणात उगाच झाडत होते. ती यायची आणि रिकामा डबा द्यायची, नाहीतर तुळशीची कुंडी ठेवायची, आणि जायची. मी एकदाही म्हटलं नाही, की अवं, ऐक जरा. चार शब्दांचं काम होतं! उलट बिस्किटांचा मोठा घाणा काढून डबा भरून दिला. "वाटेत दे त्याले," म्हटलं. गाडी आली, तिनं त्याला मागच्या सीटवर चढवलं. त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं वगैरे काही नाही. खिडकीतून तोंड बाहेर काढून वारा खात गेला. त्याला काय ठाऊक कुठे चालला ते!

लोकांना सांगताना मी म्हणत होते, बरं झालं, सुटले एकदाची. शेजारणी "हो ना, किती ती कटकट" म्हणायच्या आणि मला त्यांचाच राग यायचा. घरी पीठ एकाच भाकरीचं काढू लागले. मग तेही राहिलं.

थंडी सुरू झाली आणि तिचा फोन आला. तो मजेत आहे, लिफ्टला घाबरत नाही, बिस्किटं माझ्यासारखी जमत नाहीत, असं सगळं सांगून झालं. मग म्हणाली, "काकू, एक बोलू? त्या दिवशी मला वाटत होतं, तुम्ही ठेवून घ्याल. इथे कुत्रा चालेल असं घरच मिळेना. किती लोकांनी नाही म्हटलं. पण तुम्ही म्हणालात, तुमच्यानं होत नाही. मग म्हटलं, आपल्या सोयीसाठी काकूंच्या गळ्यात कशाला मारायचा?"

म्हणजे तिलाही तेच हवं होतं, मलाही तेच. आणि कुत्रा गेला हैदराबादेत. मग मात्र मला राहवलं नाही.

"अवं पोरी, मले पाहिजे होता वं तो. लय पाहिजे होता."

 

"मग बोलला का नाहीत, काकू?" ती म्हणाली. आवाज बदलला होता तिचा. "तेव्हा एकदा म्हणाला असतात, मी आनंदानं तुमच्याकडे ठेवला असता. आता मला नाही सोडवत त्याला. इथे माझं दुसरं कोणीच नाहीये."

एकट्या बाईजवळ संध्याकाळी वाट पाहणारं कोणी असणं म्हणजे काय, हे मला वेगळं सांगायची गरज नव्हती. तिच्याजवळून तो मागायचा तर कोणत्या तोंडानं? डोळे पुसले.

"बरं, ऐक. थंडीत त्याचा मागचा पाय आखडते. सकाळी लंगडला तर घाबरू नको. तेल कोमट करून चोळ. अन् फरशीवर निजू देऊ नको त्याले."

"हो, कालपासून लंगडतोय तो. मी घाबरलेच होते. गादी आणलीय त्याच्यासाठी, पण त्यावर बसतच नाही."

"गादीवर नाही बसणार. त्याले पोतं लागते."

"पोतं? इथे कुठे मिळेल, काकू?"

त्याचं पोतं माझ्या दारातच पडलेलं होतं. तो गेल्यापासून मी ते हलवलं नव्हतं. झाडतानासुद्धा बाजूनंच झाडत होते.

"पत्ता सांग," मी म्हटलं. "धुवत नाही, तसंच पाठवते."