दुधाची साक्ष

सोलापुरातल्या ज्या दैनिकात मी सत्तरच्या दशकात उमेदवारी केली, तिथल्या मुख्य उपसंपादकांचा एक ठरलेला प्रश्न होता. बातमी घेऊन कोणी टेबलापाशी आलं की ते मान वर न करता विचारत, "कोणी पाहिलं?" गिरणीच्या गोदामाला आग लागली, कोणी पाहिलं? सांगोल्याकडे टँकर अडवला, कोणी पाहिलं? उत्तर नसेल तर कागद परत मिळे. ऐकीव मजकूर त्यांच्या टेबलावरून पुढे जात नसे. ही शिस्त मला पुढे कायम उपयोगी पडली. एकदा मात्र तोच प्रश्न मला विचारला गेला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा विषय बातमीचा नव्हता.

माझ्याबद्दलची एक गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होती, पण ती माझ्यासाठी ऐकीवच होती. माझा जन्म झाल्यावर थोड्याच दिवसांत आईला विषमज्वर झाला. तिचं दूध आटलं. शेळीचं दूध मला पचेना. आमचं घर लिंगायताचं, शेजारचं मुसलमानाचं. दोन्ही अंगणांच्या मधे कमरेइतकी भिंत होती. पलीकडे गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, असलेले एक गृहस्थ, त्यांची बायको, एक मुलगा आणि एक तान्ही मुलगी राहत. वडिलांनी मला त्या भिंतीवरून पलीकडे दिलं. आई बरी होईपर्यंत मी त्या बाईंच्या दुधावर वाढलो. त्यांना मी अम्मा म्हणायचो, आणि माझ्याहून काही महिन्यांनी मोठ्या असलेल्या त्यांच्या मुलीला आपा.

आमच्यात मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात लिंग बांधतात. अम्मा मला अंगाशी घेण्याआधी हात धुवायच्या आणि ते लिंग माझ्या पाठीकडे सारायच्या, त्यावर दूध सांडू नये म्हणून. हे आईनं सांगितलेलं. तिनंही अंथरुणावरून, दार उघडं असेल तेवढंच पाहिलेलं.

दोन्ही घरांत एकमेकांच्या रिवाजांची माहिती होती आणि त्यात फार भावनेचा भाग नसे. आमच्याकडे मांस चालत नाही, म्हणून ईदला अम्मा शिजवलेला शीरखुर्मा पाठवत नसत. परातीत शेवया, खारीक, साखर, चारोळ्या असा कोरडा शिधा भिंतीवर ठेवत. आई तो आमच्या पातेल्यात, आमच्या दुधात शिजवी. रमजानात संध्याकाळी आमच्याकडे मोठ्यानं रेडिओ लावायचा नाही, कारण पलीकडे अजानकडे कान असतात आणि दिवसभराचा उपास सुटायचा असतो. हे कोणी शिकवलं नव्हतं. अम्मांच्या हातचं शिजवलेलं खायचं नाही आणि अम्मांचं दूध मात्र प्यालेलं चालतं, यावर आईला हसू येई. "पोराचं पोट आधी भरलं, मग धर्म जागा झाला," असं ती म्हणे.

आपा तेरा-चौदा वर्षांची झाल्यावर बाहेर जाताना बुरखा घेऊ लागली. गल्लीतल्या ज्या मुलांबरोबर ती खेळली होती, ती दारात आली की आत जाई. मी गेलो की मात्र जागची हलत नसे. ओले केस मोकळे सोडून गहू निवडत बसलेली असे. मला हे विचित्र वाटलं. अम्मांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तेरेसे कैसा परदा? तू तो भाई है उसका."

मला वाटलं, हे बोलण्याची रीत म्हणून म्हटलेलं आहे. आपल्याकडे मानलेला भाऊ असतो, तसा. ते तसं नव्हतं, हे समजायला वेळ लागला. ज्या नात्यांत लग्न कधीच होऊ शकत नाही त्यांची यादी कुराणात आहे. तिच्यात आई, बहीण, मुलगी यांच्याबरोबर दूध पाजणारी आई आणि दूधबहीणही आहे. ज्याच्याशी लग्न निषिद्ध त्याच्यापुढे पडदा नाही, आणि अशाच नातलगाबरोबर बाईनं लांबचा प्रवास करायचा. तान्हेपणी दूध प्यायलं की नातं लागलं. कोणी मानण्याचा किंवा न मानण्याचा प्रश्न उरत नाही.

आपा लग्न होऊन विजापूरला गेली. पुढच्या वर्षी तिचे वडील वारले. भाऊ ट्रकवर ड्रायव्हर होता; माल घेऊन एकदा कलकत्त्याकडे निघाला की परत कधी येईल ते त्यालाही सांगता येत नसे. अम्मा एकट्याच राहत आणि दुखणं अंगावर काढत. पोटात गाठ निघाली तेव्हा ती बरीच वाढली होती. दवाखान्यात पुण्याहून महिन्यातून एकदा एक सर्जन येत. ते दुसऱ्या दिवशी येणार होते. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हा महिना चुकला तर पुढच्या महिन्यापर्यंत थांबणं धोक्याचं आहे.

अम्मा खाटेवर बसून होत्या. "करो आपरेशन," त्या म्हणाल्या. "लेकिन बच्ची का मूँ देखे बगैर मैं अंदर नै जाती."

डॉक्टरांनी समजावलं. आईनं समजावलं. अम्मांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि तसबीहचे मणी ओढत राहिल्या. बाहेर व्हरांड्यात आई मला म्हणाली, "हितं उभा राहून काय करतोस? विजापूरची गाडी पकड की."

"तिचा भाऊ नाही इथं. मला पाठवतील का तिच्याबरोबर?"

"तू कोण हायस मग?"

त्याच सकाळी मी एसटीनं निघालो. टाकळीचा पूल ओलांडला की पाट्या कानडी होतात. भीमेला पाणी नव्हतं. विजापुरात आपाचं सासर जुन्या वस्तीत होतं. सासरे उर्दू शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. नुकतंच त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. आपाचा नवरा हुबळीला नोकरीत. तो महिन्याच्या शेवटी यायचा. म्हणजे तिला आणू शकतील असे घरचे दोन पुरुष, एक हुबळीला आणि एक पट्टी बांधून बसलेला.

सासऱ्यांनी मला बसवलं. पाणी दिलं. अम्मांची हकिकत ऐकून त्यांनी मान खाली घातली. मग विचारलं, "लेकिन बेटा, आप कौन?"

मी सांगितलं. शेजारचा. लग्नात होतो. अम्मांचं दूध प्यायलोय.

"लग्नात सगळं सोलापूर होतं," ते म्हणाले. मराठी चांगलं बोलत. "तुमचा मान आहे. जेवून जा, राहा. पण बहू दुसऱ्याची अमानत असते. ती मी कोणाच्या हाती देतो, हे मला उद्या मुलाला सांगावं लागेल, आणि वर अल्लाहलाही. दूध प्यालं असेल तर तुम्ही तिचे भाऊ, मग तुमचा मजहब कुठलाही असो. मला हरकत नाही. पण प्यालं, हे कोणी पाहिलं?"

मुख्य उपसंपादकांचा प्रश्न, जवळजवळ त्याच शब्दांत. मी म्हणालो, "अम्मांनी पाजलं. आईनं पाहिलं."

"दोघी सोलापुरात."

"होय."

"आणि तुम्ही?"

"मी तान्हा होतो."

ते हसले नाहीत. प्रश्न रास्त होता. माझ्याकडे होती ती ऐकीव माहिती, आणि तीही ज्याला गरज आहे त्याच्या तोंडून आलेली. अशा माहितीवर मी स्वतः दोन ओळींची बातमीसुद्धा दिली नसती. परतीची गाडी दुपारची होती. नंतरची गाडी घेतली तरी सकाळपर्यंत सोलापूर गाठता आलं असतं, पण सोलापुराहून साक्ष आणून परत विजापूर गाठणं शक्य नव्हतं.

आतल्या दाराला फुलाफुलांचा पडदा होता. तो हलला आणि पलीकडून सासूबाईंचा आवाज आला. "इनो सच बोल रै. मेरेकू मालूम है."

"तुमकू कैसा मालूम?" सासऱ्यांनी तोंड न वळवता विचारलं.

"रिश्ता देखने गये थे तब पूछी नै क्या मैं? पूछनाच पडता."

मग त्यांनी पडद्यामागूनच सगळं सांगितलं. मुलगी बघायला गेलं की बायका आत बसून एक प्रश्न विचारतात. तो पुरुषांच्या बैठकीत कोणी विचारत नाही: तुमच्या मुलीनं आणखी कोणाच्या अंगावर पिलंय का, तुम्ही कोणाला पाजलंय का? कारण मुलगा आणि मुलगी एकाच बाईचं दूध प्यालेली निघाली तर लग्नच होत नाही. अम्मांनी उत्तर दिलं होतं: एक पाजलाय, भिंतीपलीकडच्या लिंगायताचा मुलगा.

"मैं हँसी," सासूबाई म्हणाल्या. "मैं बोली, अगे बहन, उनो हिंदू, उनोंमें कौन रिश्ता करने जा रा? उसकू कायकू गिनना? तो बोली, तुमे पूछे सो मैं बोली. पिलाई सो पिलाई."

दुसरा एक म्हातारा आवाज त्यात मिसळला. सासऱ्यांची विधवा बहीण. "हौ भाई, मैं बी थी बाजू में. चिवडा खा री थी."

"चिवडा याद है, ये बताना याद नै रहा?" सासरे म्हणाले.

"तुमे पूछे कब?" पडद्यामागून दोघी एकदम.

सासऱ्यांनी हिरव्या पट्टीवर हात ठेवला. त्यांचे खांदे हलले. तेव्हा समजलं की ते हसतायत. मी एका गोष्टीचा विचार करत होतो. अम्मांना तेव्हा ते सांगण्याची काही गरज नव्हती. त्या प्रश्नाचा हेतू फक्त लग्नातली अडचण शोधणं हा होता, आणि माझ्यामुळे ती येणं शक्य नव्हतं. न सांगितल्यानं कोणाचं काही बिघडलं नसतं. परक्या घरच्या बायका मुलगी बघायला आलेल्या, आणि तिथं त्यांनी मला मोजलं होतं. इतकी वर्षं शेजारी राहून मला याचा पत्ता नव्हता.

सासऱ्यांनी आत हाक मारली. "बेटी, भाई आया है. चाय ला."

आपा पडदा सारून बाहेर आली. डोक्यावर पदर, चेहरा उघडा, रडून डोळे सुजलेले. ती सगळा वेळ आतच होती. कप माझ्या हातात देऊन म्हणाली, "इत्ती देर? मैं तो कबकी थैली भर को बैठी."

निघताना सासूबाईंनी आपाला शेंगाचटणीची पुडी दिली आणि मला केळी दिली. "तुमारे खाने का है, साफ है," असं सांगून. सासरे दारापर्यंत आले. त्यांनी आधी आपाच्या डोक्यावर हात ठेवला, मग माझ्या. म्हणाले, "आणायला भाऊ आला, तर सोडायलाही भाऊच येतो. आमच्यात तसाच रिवाज आहे." तसा रिवाज आमच्यातही आहे, हे मी त्यांना सांगितलं. "मग बरं झालं," ते म्हणाले.

एसटीत आपा खिडकीशी बसली. बुरख्याचा पडदा तिनं वर केला होता. इंडीच्या फाट्यावर एक बाई गाडीत चढल्या आणि मला विचारू लागल्या, "ही कोण तुमची?" आपानंच उत्तर दिलं, कानडीत. सासरी जाऊन तेवढं शिकली होती. "तम्म," ती म्हणाली. धाकटा भाऊ.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा भेटीची वेळ संपत आली होती. अम्मांनी आपाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग तिला विचारलं, "ससुर छोडे?"

"सास बोली. तुमे रिश्ते के वक्त बोले थे सो."

"हौ, बोली थी," अम्मा म्हणाल्या. त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. त्यांनी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आत न्यायला स्ट्रेचर आलं. काही सांगायचंय, अशी त्यांनी मला खूण केली. मी खाली वाकलो. सदऱ्याची वरची गुंडी उघडी होती. माझ्या गळ्यातलं लिंग बाहेर येऊन त्यांच्या तोंडाशी लोंबायला लागलं. त्यांनी बोटांनी ते अलगद धरलं, माझ्या खांद्यावरून पाठीकडे सारलं आणि मग बोलल्या. आपाच्या भावाचा ट्रक आला की त्याला आधी जेवायला घाला, एवढंच सांगायचं होतं.

आई पलीकडे उभी होती. तिनं ते पाहिलं. मीही पाहिलं.

गाठ साधी निघाली. अम्मा पुढे पुष्कळ वर्षं जगल्या, आणि दर ईदला भिंतीवर परात येत राहिली. ऑपरेशनच्या पुढच्या आठवड्यात आपाला विजापूरला सोडायला मी गेलो. सासऱ्यांच्या डोळ्यावरची पट्टी निघाली होती. त्यांनी मला नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "अच्छा. तो ये है हमारी बहू का भाई."