कोपरकाका आणि जावयाचं पॅनेल

कोपरकाकांना खरं नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकात. एरवी क्लबात लहानथोर सगळे त्यांना कोपरकाकाच म्हणायचे, कारण पाणी किती गरम झालंय हे ते कोपर बुडवून सांगायचे. भिंतीवर थर्मामीटर होता, आणि तो चांगला चालायचाही. पण काका त्याच्याकडे ढुंकून बघत नसत. बाही वर सारायची, गुडघा टेकून कोपर पाण्यात घालायचं, डोळे किंचित मिटायचे आणि म्हणायचं, "अजून थोडा वेळ." खोटं कशाला बोला, हे सगळं जरा ऐटीतच चालायचं. ऐट करायला जगात त्यांना दुसरी जागाही नव्हती.

क्लबात पाण्याच्या जागा दोन. एक मोठा पोहण्याचा तलाव आणि त्याला लागून गरम पाण्याचा छोटा, त्याला सगळे स्पा म्हणायचे. दोन्हींना मिळून पंप एकच, फिल्टर एकच आणि हीटरही एकच. म्हणजे एका वेळी एकाचीच सरबराई. पाणी कुठून ओढायचं हे एक व्हॉल्व्ह ठरवायचा, आणि गाळून-तापवून कुठे सोडायचं हे दुसरा. स्पा चालवायचा तर दोन्ही व्हॉल्व्ह स्पाकडे, तलाव चालवायचा तर दोन्ही तलावाकडे. एक इकडे आणि एक तिकडे राहिला की संपलं. एका ठिकाणचं पाणी दुसरीकडे जाऊन पडणार, इथे खडखडाट आणि तिथे पूर. काकांच्या हातून एवढ्या वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं, आणि हे ते नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगून टाकत.

पंपाच्या खोलीला लागूनच क्लबाने त्यांना राहायला खोली दिली होती. एक खिडकी, एक ओटा, भिंतीला लावलेली एक कॉट. लेक ह्याच खोलीत लहानाची मोठी झाली, इथूनच सासरी गेली. पंपाची घरघर भिंतीतून चोवीस तास यायची, आणि काकूंना तिची इतकी सवय की लेकीकडे मुक्कामाला गेल्या तर शांततेने त्यांना झोप लागायची नाही. ह्या खोलीखेरीज नवराबायकोला डोकं टेकायला दुसरं छप्पर नव्हतं. नोकरी आहे तोवर खोली, हा साधा हिशेब दोघांनाही ठाऊक होता.

आता जावईबापूंकडे वळू. शिकलेला माणूस. इमारतींचे पंप, दिवे, मोटारी आपोआप चालू-बंद करणारी इलेक्ट्रॉनिक पॅनेलं बसवायचा त्याचा धंदा. बोलायला गोड, कपडे कडक इस्त्रीचे, पण धंदा काही बाळसं धरत नव्हता. लेक एकदा दुपारी आली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. "दोन महिने झाले, एक काम नाही आलं हाताशी. घरात नुसते चिडचिड करतात," म्हणाली. काका खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. लेकीच्या रडण्यापुढे त्यांचं कधीच काही चाललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काका आपणहून क्लबाच्या सेक्रेटरींकडे गेले आणि त्यांनी शब्द टाकला. "साहेब, आपल्याकडे सगळं हाताने चालतं. आमचे जावई पॅनेल बसवतात. मोबाइलवरून तलाव चालतो म्हणे." सेक्रेटरींना तर हे हवंच होतं. त्यांच्या साडूच्या बंगल्यावर तसलं पॅनेल होतं, आणि साडू जेवणाच्या टेबलावर बसून मोबाइलवरून स्पा तापवून दाखवायचा. एवढी आग साडूच लावू शकतो. काम ठरलं.

काकूंनी त्या संध्याकाळी भांडी विसळता विसळता विचारलं, "आणि सगळं आपोआप व्हायला लागल्यावर तुम्ही काय करणार?"

काकांनी तो प्रश्न जसाच्या तसा जावयाला विचारला. जावई हसला. "बाबा, पॅनेलकडे लक्ष ठेवायला माणूस लागतोच. तुमची खोली कुठे जात नाही." सेक्रेटरींनी मात्र आडपडदा ठेवला नाही. "हंगामभर बघू. पॅनेल नीट चाललं आणि तुम्ही त्याच्या वाटेला गेला नाहीत, तर राहा इथेच. नाहीतर विचार करावा लागेल." काकांनी मान डोलावली. पंप त्यांनी सांभाळला होता, मग एक डबा सांभाळणं काय अवघड, असं त्यांना वाटलं.

पॅनेल बसलं. भिंतीवर करड्या रंगाची पेटी, तिच्या दारावर छोटा पडदा. पाइपात एक नखाएवढा सेन्सर घातला, तो पाण्याचं तापमान पॅनेलला कळवायचा. दोन्ही व्हॉल्व्हांच्या डोक्यावर एकेक मोटर बसली. स्पाचं बटण दाबलं की दोन्ही मोटारी गुरगुरत फिरायच्या, व्हॉल्व्ह वळायचे, पंप चालू व्हायचा आणि मग हीटर पेटायचा. जावई लॅपटॉप घेऊन स्टुलावर बसायचा आणि काका शेजारी उभे राहून आपलं सगळं शास्त्र त्याच्या पदरात घालायचे. हीटर बंद केला की पंप लगेच बंद करायचा नाही, तो थोडा वेळ चालू ठेवायचा, नाहीतर आत अडकलेलं पाणी उकळतं आणि हीटरची वाट लागते. जावयाने ते घातलं. थंडीत स्पा लवकर तापवायला घ्यायचा. तेही घातलं. एकही गोष्ट काकांनी हातची राखली नाही. जावयाला कशाला लपवायचं?

पहिले काही दिवस काका खूश होते. "अगं, अगदी माझ्यासारखं वागतं ते," असं काकूंना सांगायचे. मग हळूहळू त्यांचं त्यांनाच काही सुचेनासं झालं. पहाटे उठायचे, पंपाच्या खोलीत जायचे, आणि काम झालेलं असायचं. पडद्यावर आकडा. कोपर बुडवायचे ते उगाच. पाणी बरोबर असायचं, आणि ते बरोबर असलं की काकांना रागच यायचा. आपल्याशिवाय काहीतरी सुरळीत चाललंय हे बघत उभं राहणं कोणाला सोसतं? पाण्यातली पानं काढायचे, फरशी धुवायचे, पुन्हा पॅनेलपुढे येऊन उभे राहायचे. हात नुसते शिवशिवायचे.

त्या प्रत्येक मोटारीच्या पाठीला एक छोटा खटका होता. मधे ठेवला की मोटर सुटी व्हायची आणि व्हॉल्व्ह हाताने फिरवता यायचा. एका बाजूला ढकलला की मोटर पॅनेलचं ऐकायची. पण दुसऱ्या बाजूला ढकलला तर ती ऐकायचीच, फक्त उलटी फिरायची. पाइप कसे आले आहेत ते बघून बसवणारा माणूस ती बाजू एकदा ठरवतो. जावयाने बजावून सांगितलं होतं, "बाबा, ह्या खटक्यांना तेवढा हात लावू नका. घाई असेल तर पडद्यावर बटण आहे."

आणि बटण होतंच. ते काकांना येत नव्हतं असंही नाही. पण एका कडाक्याच्या सकाळी त्यांनी स्पात कोपर बुडवलं आणि त्यांना पाणी कोमट वाटलं. थोड्या वेळाने गुडघेवाल्या आजी येणार. ह्या आजी क्लबाच्या सगळ्यात जुन्या सभासद. रोज सकाळी पहिल्या यायच्या, दुखरे गुडघे गरम पाण्यात सोडून बसायच्या आणि म्हणायच्या, "कोपरकाका, तुमच्या हाताला गुण आहे बरं." पॅनेल आल्यापासून त्या तसं म्हणाल्या नव्हत्या. झालं, काकांनी पॅनेल बंद ठेवलं, खटके मधे आणले आणि दोन्ही व्हॉल्व्ह आपल्या हातांनी फिरवले. पंप लावला, हीटर लावला. किती दिवसांनी हाताखाली तो कडकपणा आला, मग सुटला. काकांना भरून आलं. पाणी तापलं, कोपराने होकार दिला. आवराआवर करताना त्यांनी व्हॉल्व्ह जागेवर आणले, खटके सारले आणि कारभार पुन्हा पॅनेलकडे दिला. एक खटका चुकीच्या बाजूला गेला.

खोलीत येऊन ते चहाला बसले. पॅनेलवर स्पाची पुढची वेळ झाली तशी मोटारी गुरगुरल्याचं भिंतीतून ऐकू आलं. दुसरा चहा अर्धा झाला असेल-नसेल, काकूंनी मान वर केली. "अहो, आवाज बदललाय."

"काही नाही गं. पॅनेल आहे ना बघायला."

"बदललाय म्हणते ना मी."

काका धावले तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. एक मोटर सरळ फिरली होती, एक उलटी. पंपाने स्पातलं सगळं पाणी ओढून मोठ्या तलावात नेऊन ओतलं होतं, आणि आता तो नुसती हवा ओढत कोरडा किंचाळत होता. प्लास्टिक जळल्याचा वास सुटला होता. गुडघेवाल्या आजी रिकाम्या स्पाच्या पायरीवर पाय सोडून कुडकुडत बसल्या होत्या. आणि भिंतीवरचा पडदा बेधडक सांगत होता, स्पा चालू आहे. त्याचाही दोष नव्हता. पॅनेल हुकूम सोडतं, व्हॉल्व्ह खरोखर कुठे वळला हे त्याला दिसत नाही.

जावई आला. खाली वाकून त्याने मोटारी बघितल्या, खटका बघितला आणि तसाच उकिडवा बसून राहिला. "बाबा, हात लावलात?"

काकांनी वर सारलेली बाही खाली ओढली.

"वर सगळे माझ्या नावाने बोंब मारतायत. पॅनेल बोगस आहे म्हणतात. दोन क्लब इथलं बघून काम देणार होते मला." तो उठला, हात रुमालाला पुसले. "मी तुमचं नाव घेणार नाही. तुम्हाला काय वाटेल ते करा." बोलणं गोडच होतं. पण लेकीचं आईच्या मांडीवरचं डोकं काकांच्या डोळ्यांपुढे आलं, आणि त्यांना काय करायचं ते कळलं.

सेक्रेटरींच्या खोलीत काका उभेच राहिले. जावई खुर्चीत होता. सेक्रेटरी जावयालाच फैलावर घ्यायला लागले तेव्हा काका मधे बोलले. "साहेब, पॅनेलची चूक नाही. मी खटक्याला हात लावला. नको म्हणून सांगितलं होतं, तरी लावला."

जावयाचा जीव भांड्यात पडला. ते त्याच्या खांद्यांवरून दिसलंच. सेक्रेटरींनी टेबलावर बोटं वाजवली. माणूस वाईट नव्हता. काकांचं निम्मं आयुष्य त्यांच्या डोळ्यांसमोर गेलं होतं. शेवटी ते जावयाकडे वळले. "जुना माणूस आहे. पुन्हा हात लावणार नाही अशी हमी तुम्ही देत असाल, तर मी कमिटीला सांभाळून घेतो. राहू दे त्यांना. बोला, देता हमी?"

सगळं आता एका शब्दावर आलं होतं, आणि तो शब्द घरच्या माणसाकडे होता. काकांनी जावयाकडे बघितलंसुद्धा नाही. बघून गळ घातल्यासारखं होईल असं त्यांना वाटलं.

जावई म्हणाला, "साहेब, खरं सांगू का, सवय आहे ती. उद्या पुन्हा लावतील. त्या खोलीला कुलूपच असलेलं बरं. माणूस तिथे असेल तर मी जबाबदारी नाही घेऊ शकत."

वाईट ह्याचं की तो बोलला ते खोटं नव्हतं. उद्या थंडी पडली असती तर काकांनी पुन्हा हात लावला असता, हे काकांनाही ठाऊक होतं. पण खरं बोलायला जावयाला नेमका तोच दिवस सापडला. महिनाअखेर खोली रिकामी करायचं ठरलं. बाहेर आल्यावर जावई म्हणाला, "बाबा, आमच्याकडेच या राहायला. आतली छोटी खोली आहे ना." आणि घाईघाईने पंपाकडे निघून गेला.

संध्याकाळी, जावई घरी गेल्यावर बऱ्याच वेळाने काका खोलीत आले. काकू दारातच होत्या. काय झालं ते त्यांना तोंडावरूनच कळलं. त्या कॉटवर बसल्या, पदराने एकदा डोळे टिपले. मग विचारलं, "आणि जावई? ते काही बोलले का?"

खरं काय ते काकांच्या ओठांवर आलं होतं. पण ह्यापुढे काकूंना जावयाच्याच घरात दोन वेळा जेवायचं होतं, त्याच माणसाला ताट वाढायचं होतं, आणि लेकीपुढे हसतमुख राहायचं होतं. ते म्हणाले, "खूप बोलले. माझ्या बाजूने अगदी भांडले साहेबांशी. पण साहेब ऐकेनात."

काकूंना तेवढ्यानेच धीर आला. "बघा. मी उगाच मनात काय काय आणत होते. आपला माणूस उभा राहिला तर." आणि त्यांनी लगेच लेकीला फोन लावला. घर गेल्याचं थोडक्यात सांगितलं आणि जावयाचं कौतुक मात्र तिखटमीठ लावून, काकांनी सांगितलं त्याच्या दुप्पट. पलीकडे लेक रडत होती आणि अभिमानाने नवऱ्यालाही सांगत होती, ते काकांना कॉटवर बसून ऐकू येत होतं.

मग काकूंनी फोन पुढे केला. "घ्या, जावई बोलतायत."

काकांनी फोन कानाला लावला. काकांना वाटलं, आता हा माफी मागेल, निदान गप्प तरी बसेल.

"बाबा," जावई म्हणाला, आणि त्याचा आवाज अगदी मोकळा होता, "त्यात काय एवढं. तुमच्यासाठी बोलणार नाही तर कोणासाठी बोलणार?"

काकू समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. काका म्हणाले, "हो, जावईबापू. उपकार झाले."